अकरा दिवसांचा सिंह

"अहो, काच वर करा! काच! आधी काच वर करा!"

बायको माझा दंड पिळून ओरडत होती. त्या जीपला काच तर सोडाच, दारही नव्हतं. डोक्यावर चार पाइपांवर ताणलेलं कापड तेवढं होतं. अशा गाडीची काच मी कुठून आणून वर करणार? पण दुबईत वीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात संकटात देवापुढे जोडले जात नाहीत, गाडीच्या बटणाकडे जातात. माझाही गेला. मी बटण समजून जे दाबत होतो तो पुढच्या बाकावरच्या एका जर्मन आजोबांचा खांदा होता. त्यांनीही बिचाऱ्यांनी तक्रार केली नाही. समोर सिंह असताना कोण कुणाची तक्रार करतो?

सिंह आठ हातांवर होता. आज सांगताना मी आठ हात म्हणतोय, पुढच्या गणपतीपर्यंत ते चारावर येतील, त्याला माझा इलाज नाही. बोत्स्वानातली जुलैची सकाळ. थंडी अशी की श्वास सोडला की तोंडापुढे पांढरा धूर. त्या धुरातून तो येत होता. घाई नाही, राग नाही, पेन्शन आणायला बँकेत निघालेल्या माणसासारखा.

"मॅडम, प्लीज," गाइड मान न वळवता पुटपुटला. "त्याला ही गाडी म्हणजे एक अख्खा मोठा प्राणी वाटते. तुम्ही ओरडलात तर त्याला कळेल की हा प्राणी सुटा सुटाही मिळतो."

बायको गप्प झाली. मी आधीपासूनच गप्प होतो, कारण मला दातखीळ बसली होती. जीपवाल्यांनी थंडीसाठी दिलेलं ब्लँकेट मी नाकापर्यंत ओढलं होतं, आणि खरं सांगायचं तर नाकाच्याही थोडं वर.

माझ्या दुसऱ्या बाजूला माझी मुलगी बसली होती, सतरा वर्षांची. ती सिंहाकडे बघतच नव्हती. हजारो मैल उडून येऊन, साखरझोप मोडून, समोर साक्षात सिंह चालत असताना ती माझ्याकडे बघत होती. सिंह झुडपाआड गेला, शेपटाचा गोंडा दिसेनासा झाला, जर्मन आजोबांनी आपला खांदा सोडवून घेतला, आणि मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, धिस इज युअर फर्स्ट लायन."

त्या वाक्याला प्रश्नचिन्ह नव्हतं.

हे वाक्य मला इतकं का लागलं ते कळायला माझा आधीचा सिंह माहीत असायला हवा. लग्नाआधी, दुबईला येण्याच्याही आधी, मी झांबियात लिव्हिंग्स्टन नावाच्या गावी एका गुजराती शेठच्या दुकानात सात महिने नोकरी केली. ब्लँकेटं, चादरी आणि सायकली यांचं घाऊक दुकान. मी सोलापूरचा. चादर नुसती हातात घेतली की ती कुठल्या मागावर विणली ते सांगतो, असं मी शेठला सांगितलं होतं. ते खोटं होतं, पण निम्मंच. तर तिथे एका रविवारी सकाळी मी दुकानाचं दार उघडलं आणि पायरीवर सिंह. माझ्या हातात आईनं सोलापूरहून पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी भाकरी ढालीसारखी पुढे धरली. सिंहानं चावा घेतला, त्याचा एक सुळा हलला. मग मी चटणीची मूठ त्याच्या नाकावर उधळली. सिंह शिंकला. एकदा नाही, अकरा वेळा शिंकला, आणि डोळे पुसत रस्ता ओलांडून निघून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला, पण कोपऱ्यावरूनच वास घेऊन परत फिरला.

ही गोष्ट मी दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या घरी, जुमेरा लेक टॉवर्समधल्या मित्रांच्या घरी, गणपतीत, वाढदिवसाला, कुणाच्या बढतीच्या पार्टीत मिळून किमान चारशे वेळा सांगितली आहे. पोरं जमिनीवर मांडी घालून बसत आणि माझी मुलगी सगळ्यांत पुढे. 'अकरा वेळा' हे शब्द ती माझ्याआधी म्हणायची. आमच्या शेजारी राहणारा रत्नागिरीचा मित्र शेवटी ठरलेलं वाक्य टाकायचा, "खलास! हबीबी, एक दिवस तुझा सिंह व्हिजिट व्हिसावर येऊन तुझी कॉलर पकडणार बघ."

तेराव्या वर्षी तिनं शाळेत हीच गोष्ट 'माझे वडील' या विषयावरचा निबंध म्हणून लिहिली. बाईंनी खाली लाल शाईत शेरा दिला, 'लव्हली इमॅजिनेशन'. तो कागद तिनं मला दाखवला, आणि त्यानंतर मी गोष्ट सांगायला लागलो की ती पाणी प्यायला आत जायची. मीही तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

पण आफ्रिकेला मी सिंहासाठी निघालो नव्हतो. मला तिच्याकडून एक वचन हवं होतं. सप्टेंबरात ती शिकायला नेदरलँड्सला जाणार होती. आदल्या हिवाळ्यात तिची शाळेची सहल अल ऐनला गेली होती, आमच्या घरापासून गाडीनं दीड तास. तिथे ती घसरून पडली, मनगटाचं हाड मोडलं, आणि बाईसाहेब हात जॅकेटच्या बाहीत लपवून दोन दिवस आम्हाला फोनवर सांगत राहिल्या, "ऑल गुड. डोन्ट वरी." घरी आली तेव्हा मनगट दुधीभोपळ्याएवढं झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, दोन दिवस सहन कसं केलंस? ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर हे दोघं घाबरून गाडी हाणत आले असते." इंग्रजीत म्हणाली, पण अर्थ एवढाच.

दीड तासावरून जी मुलगी हे करते ती सात तासांच्या विमानापलीकडून काय करेल, या विचारानं माझी झोप उडाली होती. मला बाकी काही नको होतं. मार्क नकोत, रोजचा फोन नको. आजारी पडलीस, पडलीस-झडलीस, तर मला खरं सांगशील, एवढं एक तिच्या तोंडून हवं होतं. आणि ते दिवाणखान्यात मागितलं तर ती कानात इअरफोन घालून खोलीत जाईल, म्हणून मी तिला घेऊन थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आलो.

पहिले चार दिवस केपटाउन. मी तीनदा प्रयत्न केला. पहिला टेबल माउंटनच्या केबल कारमध्ये. त्या डब्याची जमीन गोल फिरते, म्हणजे सगळ्यांना सगळीकडचं दिसावं. आत पाटी होती, कडेच्या दांडीला धरू नका. मी धरली, कारण खाली दरी होती. जमीन फिरली, मुलगी जमिनीबरोबर फिरून पलीकडे गेली, मी दांडी धरून उलट्या पावलांनी चालत राहिलो, आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं "मला एक वचन दे" म्हणालो तेव्हा माझ्यापुढे हनिमूनला आलेलं एक परकं जोडपं उभं होतं. त्यातली मुलगी लाजली. नवरा लाजला नाही.

दुसरा प्रयत्न पेंग्विनांच्या किनाऱ्यावर. वारा असा की बायकोची ओढणी थेट अंटार्क्टिकाच्या दिशेनं गेली. मी वाऱ्याच्या वरताण ओरडून सगळं मांडलं, अल ऐन, मनगट, बापाचं काळीज. मुलगी पेंग्विनाचा फोटो काढत म्हणाली, "ओके." सतरा वर्षांच्या मुलीचं ओके म्हणजे वचन नसतं. ते दार लावून घेणं असतं, आवाज न करता.

तिसरा प्रयत्न रंगीत घरांच्या उतारावर, मसाल्याच्या दुकानाबाहेर. बायको आत वास घेऊन घेऊन मालकाला धन्याचे प्रकार समजावत होती. मी तोंड उघडायच्या आत मुलगीच म्हणाली, "बाबा, तू मला हे का सांगतोस? यू नेव्हर टेल अस एनिथिंग रिअल." मी हसलो आणि तिला सामोसा घेऊन दिला. माझा हा एक जुना उपाय आहे, लागलं की खायला घालायचं.

आणि मग बोत्स्वाना, जीप, ब्लँकेट, आणि ते वाक्य.

त्या दिवसभरात आम्ही हत्ती बघितले. दोनशे असतील. बायकोच्या मते चाळीस. नदीकाठी ओळीनं उभे राहून पाणी पीत होते आणि पिल्लं मधल्या मध्ये पायांच्या जंगलात लपत होती. इतकं देखणं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं आणि त्यातलं मला काही दिसलं नाही. सिंह बघितलेला माणूस कसा घाबरतो हे माझ्या मुलीला आता माहीत झालं होतं, आणि चारशे वेळा सांगितलेल्या गोष्टीत मी एकदाही तसा घाबरलो नव्हतो.

दोन दिवसांनी आम्ही नदी ओलांडून लिव्हिंग्स्टनला आलो, धबधबा बघायला. मनातून आशा होती की ते दुकान पडलं असेल, जळलं असेल, निदान त्यावर मॉल उभा असेल. सकाळी नाश्त्याला मुलगी म्हणाली, "शो मी द स्टेप."

दुकान होतं. तेच, फक्त आता तिथे मोबाइल आणि सिमकार्डं मिळत होती. पायरीही होती. मुलगी जाऊन पायरीवर बसली, दोन्ही बाजूंना हात ठेवून बघितलं. पायरी तिला एकटीलाच जेमतेम पुरत होती.

"सिंह इथे बसला होता?"

"सिंह तेव्हा लहान असेल," बायको म्हणाली. माझी बाजू घ्यायला म्हणून म्हणाली असावी.

मी म्हणालो, "चला, मागे चला." काउंटरवरच्या माणसाला विचारून आम्ही बोळातून मागच्या अंगणात गेलो. आंब्याचं झाड होतं. नळ होता. पत्र्याची खोली होती, आता तिच्यात रिकामे खोके भरलेले. त्या खोलीच्या दारात उभा राहून मी आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट खरी सांगितली, आणि आश्चर्य म्हणजे ती फार छोटी निघाली.

मला मलेरिया झाला होता. अकरा दिवस मी या खोलीत पडून होतो. शेठ कुटुंबासह लग्नाला दूर गेलेले, दुकान बंद. दुकानाचा एक म्हातारा पहारेकरी होता. सगळे त्याला मदाला म्हणत, म्हणजे आपल्याकडे म्हातारबा म्हणतात तसं. त्यानं दवाखान्यातून गोळ्या आणल्या. दुकानातलं एक जाडजूड ब्लँकेट आणून माझ्यावर टाकलं. त्याच्यावर सिंहाचं भलंमोठं तोंड छापलेलं होतं, दुबईच्या बाजारात आजही मिळतात तसलं. हुडहुडी भरली की ते तोंड माझ्या छातीवर थरथरायचं. मदाला सकाळ-संध्याकाळ मक्याच्या पिठाची पातळ लापशी करायचा आणि तिच्यात भाजलेले शेंगदाणे कुटून घालायचा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी रडलो. आईच्या चटणीचा वास, फक्त तिखट नसलेला.

आणि माझ्या आईला मी ताप हा शब्द सांगू शकत नव्हतो. मी चौदा वर्षांचा असताना वडील बदलीच्या गावी तापानं गेले होते. त्यांचं पत्र आलं होतं, 'किरकोळ ताप आहे, काळजी नसावी.' पत्रापाठोपाठ तार आली. त्यानंतर आमच्या घरात कुणाला साधी कणकण आली तरी आई रात्रभर उशाशी बसायची.

आई दर रविवारी सकाळी अकराला शेजारच्या वकिलांच्या घरी माझ्या फोनसाठी जाऊन बसायची. दोन रविवार फोन गेला नाही. बाराव्या दिवशी मी भिंती धरत धरत फोन ऑफिसपर्यंत गेलो. वार रविवार नव्हता, वकिलांनी तिला घरून बोलावून आणलं, आणि पलीकडून तिचा आवाज आला, "काय झालं?" बास, एवढंच. मला थापही सुचेना. डोळ्यांपुढे अजून ते ब्लँकेटच होतं. मी म्हणालो, "सिंह होता आई. पायरीवर. बाहेर पडता येईना." दोन रविवार चुकले होते, म्हणून सिंहाला दोनदा यावं लागलं. भाकरी, चटणी, शिंका हे सगळं पुढे दुबईत लागलं.

बायको बोलली, "म्हणजे माझ्या वडिलांनी मुलगी दिली ती एका ब्लँकेटला!"

तिच्या आवाजात चेष्टा होती, पण ती माझा हात धरून उभी होती. खरंच, आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात सासऱ्यांनी सिंह दोनदा सांगायला लावला होता आणि पत्रिका बघायची राहूनच गेली होती.

मग मुलीनं विचारलं, "मदालाचं पुढे काय झालं?"

मी चार महिन्यांनी नोकरी सोडली. त्याला एक शर्ट दिला होता. परत कधी चौकशी केली नाही. त्या अंगणात उभं राहून मला कळलं की माझ्या गोष्टीत सिंहाला अकरा शिंका आहेत, सुळा आहे, डोळे पुसणं आहे, आणि ज्यानं मला वाचवलं तो म्हातारा एका वाक्यातसुद्धा नाही. चारशे वेळा सांगितली, चारशे वेळा मी त्याला बाहेर ठेवला. पुढे जाऊन काउंटरवरच्या माणसाला विचारलं. त्यानं मालकाला फोन लावला, मालकानं अजून कुणाला. मदाला म्हणजे कोण? इथे सगळेच म्हातारे मदाला. कुणाला माहीत नव्हतं.

दुपारी धबधब्यावर गेलो. नदी अख्खीच्या अख्खी कड्यावरून खाली कोसळते, आणि खालचं पाणी तुषार होऊन परत वर येऊन तुम्हाला भिजवतं. प्लास्टिकचे रेनकोट घालून आम्ही तिघं अरुंद पुलावर उभे होतो. आवाज असा की स्वतःचा विचारही ओरडून करावा लागत होता. मी मुलीच्या कानाशी ओरडलो, "आता तरी वचन दे!"

ती माझ्याकडे वळली. चष्म्यावरून पाणी गळत होतं. आणि ती मराठीत ओरडली. एरवी माझ्या दहा मराठी वाक्यांना तिचं एक इंग्रजी उत्तर असतं.

"आधी तू आजीला खरं सांग! मग मला विचार!"

"अगं पण तिचं तुळजापूर!"

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आईनं त्या दिवशी फोनवर सिंह ऐकला आणि म्हणाली होती, "भवानीचा सिंह. तिनंच पाठवला, तिनंच परत नेला." देवीचं वाहन सिंह, आणि तुळजापूर सोलापूरपासून तासाभरावर. त्याच आठवड्यात ती जाऊन देवीची ओटी भरून आली. तेव्हापासून दरवर्षी जाते. आता गुडघे चालत नाहीत तर गाडी करून जाते, पायऱ्यांवर दोन माणसांच्या आधारानं उतरते. माझी लाज मी गिळली असती. पण एका छापील ब्लँकेटपायी आईनं पंचवीस वर्षं त्या पायऱ्या उतरल्या, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मुलगी ओरडली, "दॅट्स युअर लायन, बाबा!"

परतीच्या विमानात बायको झोपली, मुलगी सिनेमा बघत होती, मी खिडकीला कपाळ लावून बसलो. मला आमच्या शेजारचा रत्नागिरीचा मित्र आठवला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून व्हीलचेअरवर नेत असताना त्याला अम्मीचा फोन आला. मागे लाउडस्पीकरवर डॉक्टरांना बोलावत होते. अम्मीनं विचारलं, हा आवाज कसला? तो म्हणाला, "मॉलमध्ये आहे अम्मी, सेल लागलाय. तुला काय आणू?" आम्ही सगळे खूप हसलो होतो. आज वाटतं, तेव्हा त्या कॉरिडॉरमध्ये अम्मीला मुलाच्या उशाशी बसायचा हक्क होता, आणि त्यानं तिला मॉलमध्ये उभं करून ठेवलं. आम्ही आखातातली माणसं हे इतकं सहज करतो की ती आम्हाला माया वाटते. असेलही माया. पण माझ्या वडिलांचं 'किरकोळ', माझा सिंह आणि अल ऐनचं 'ऑल गुड' ही एकाच हाताची अक्षरं आहेत, आणि तो हात मीच माझ्या मुलीला दिला होता. गोष्ट सांगता सांगता, जमिनीवर मांडी घालून बसवून.

रविवारी सकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. नेहमीप्रमाणे स्क्रीनवर अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा. बायको शेजारी, मुलगी समोरच्या खुर्चीत, फोन खाली ठेवून. मी सुरुवात केली. मी आयुष्यात इतकं वाईट कधीच काही सांगितलं नाही. अडखळलो, मागे गेलो, पुढे आलो, सिंहापाशी येऊन थांबलो, आणि शेवटी म्हणालो, "सिंह नव्हता आई. मलेरिया होता. अकरा दिवस."

पंखा फिरत राहिला. मी तुळजापूरसाठी उत्तर तयार ठेवलं होतं. माफीचं, लांबलचक.

आई म्हणाली, "पाणी कोण देत होतं?"

मी मदालाचं सांगितलं. लापशीचं, शेंगदाण्यांचं सांगितलं.

"मीठ घालत होता की साखर?"

"साखर."

"बरं केलं. तापात तोंड कडू होतं." मग थोड्या वेळानं, "तुळजापूरचं माझं मी बघते. पुढच्या खेपेला त्या बाबांच्या नावानं ओटीत शेंगदाणे घालीन. तू त्यात पडू नकोस."

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना तिचा फोन. "आज दुसरा दिवस. थंडी वाजत होती का?" मी बाहेर येऊन म्हणालो, "आई, पंचवीस वर्षं झाली." ती म्हणाली, "तुला झाली. मला काल कळलं." तिसऱ्या दिवशी उलटीचं विचारलं. पाचव्या दिवशी अंथरूण कुणी बदललं ते. सातव्या दिवशी ती नुसतीच फोन धरून बसली, काही विचारलं नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून तिचा श्वास ऐकत राहिलो. यात मी तिखटमीठ लावत नाहीये. माझी आई पंचवीस वर्षं उशिरा माझ्या उशाशी येऊन बसली होती आणि पूर्ण अकरा दिवस उठली नाही. अकराव्या दिवशी विचारलं, "उतरला ना?"

"उतरला आई."

"आता दोन दिवस तेलकट खाऊ नकोस."

मुलगी हे सगळं बघत होती. मी तिला म्हणालो, "सांगितलं मी. आता तू." ती म्हणाली, "ओके." पुन्हा तेच ओके. यल्ला, चला, म्हटलं, जेवढं मिळालं तेवढं मिळालं. सप्टेंबरात तिला विमानतळावर सोडलं. बॅगेत आजीनं पाठवलेली सोलापुरी चादर, कडक भाकरीचं पुडकं, चटणी. आत जाताना तिनं मिठी मारली, वचनाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मागून घेतलेलं वचन काय, आठ हातांवरच्या सिंहासारखंच, सोयीनं लांबवता-आखडता येतं.

नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज जरा जड वाटला. मागे किटली उकळत असल्यासारखा आवाज येत होता. बायकोनं माझ्या फोनला बाहेरून कान लावला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरी आहेस ना?"

पलीकडे थोडी शांतता झाली. ती शांतता मला चांगली ओळखीची आहे. लिव्हिंग्स्टनच्या फोन ऑफिसात मी तेवढाच वेळ थांबलो होतो, आणि तेवढ्यात सिंह येऊन पायरीवर बसला होता.

मग ती म्हणाली, "ताप आहे. अडतीस पॉइंट सात. सिंह नाही."